हा आकडा कोठून आणलास? : वाणिज्य-विद्यार्थ्याच्या अंतिम प्रकल्पाविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला या शाळेत अंकगणित शिकविले. उत्तर बरोबर असून रीत लिहिलेली नसली, तर गुरुजी निम्मे गुण कापीत आणि वही परत देताना एकच प्रश्न विचारीत, "हा आकडा कोठून आणलास?" 'शेजाऱ्याच्या वहीतून' असे खरे उत्तर देण्याची हिंमत आमच्यापैकी फारच थोड्यांना झाली. पुढे तीसेक वर्षे मी वाणिज्य शाखेत अध्यापन केले, शेकडो प्रकल्प-अहवाल तपासले, आणि गुरुजींचा तो प्रश्न मला वेळोवेळी आठवत राहिला. आजचे व्याख्यान त्याच प्रश्नाच्या आधाराने मांडण्याचे मी योजिले आहे.

विषय काहीसा रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा या गावांतील कितीतरी मुले-मुली आज नागपूर, छिंदवाडा, पुणे येथे वाणिज्य व व्यवस्थापन शिकत आहेत. शिक्षणक्रमाच्या अखेरीस त्यांना एक संशोधन-प्रकल्प करावा लागतो. विषय निवडायचा, माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, अहवाल बांधून घ्यायचा आणि परीक्षकापुढे त्याचे समर्थन करायचे. दर वर्षी परीक्षेच्या आधी चारदोन मुले माझ्या दारी येतात. प्रत्येकाची तक्रार थोडीफार सारखीच असते. विषय आटोपशीर होत नाही, मार्गदर्शकांना वेळ नाही, प्रश्नावली कोणी भरून देत नाही, इंग्रजी साधत नाही, आणि मुदत तर पंधरवड्यावर आलेली. निम्म्या मुलांना कोणीतरी गोटमारीवर लिहिण्याचा सल्ला दिलेला असतो. जांब नदीच्या पात्रातील त्या दिवसाविषयी देशभर कुतूहल आहे हे खरे. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाखेरीज या गावात वर्षाचे आणखीही दिवस असतात.

मुले आळशी झाली, तयार अहवाल विकत घेतात, आता तर संगणकाकडून प्रकरणेच्या प्रकरणे लिहवून घेतात, असे आपण म्हणतो. काही काळ मीही तसेच म्हणत असे. तथापि या प्रकल्पाचा इतिहास पाहू लागलो तेव्हा दोष मुलांच्या पदरी टाकून मोकळे होणे मला अवघड वाटू लागले.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले, तेथून आपल्याकडील वाणिज्य-शिक्षणाचा आरंभ धरतात. आपल्या जुन्या प्रांतात वर्ध्याला १९४० साली आणि नागपूरला १९४५ साली गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालये सुरू झाली. या शिक्षणाचा भर जमाखर्च, व्यापारी कायदा, बँकिंग यांवर होता. हिशेब शिकायचा, तो दिलेल्या आकड्यांवरून. आकडे शोधून आणण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नव्हती. ती आली व्यवस्थापन-शिक्षणाबरोबर. कलकत्त्याला १९५३ साली व्यवस्थापनाची संस्था स्थापन झाली, १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था आल्या, १९६५ साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था आली. अमेरिकेतील वळणावर बेतलेल्या या शिक्षणात विद्यार्थ्याने एखाद्या उद्योगात जाऊन काम पाहावे आणि त्यावर अहवाल लिहावा, अशी अपेक्षा होती. अपेक्षा स्तुत्यच आहे. मात्र तिच्यामागे एक गृहीत दडलेले होते. ते असे, की उद्योग म्हणजे ज्याला कचेरी आहे, छापील वार्षिक अहवाल आहे आणि पाहुण्याला फाइल दाखविणारा अधिकारी आहे. आमच्या भागात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र सोडले तर असा उद्योग किती ठिकाणी सापडेल? आमचा मोठा धंदा संत्र्याचा, आणि तो बागेत, बांधावर, चहाच्या टपरीवर आणि दोन माणसांच्या तोंडी बोलीत चालतो.

यास्तव अंतिम प्रकल्पाचे पूर्वज मी दुसरीकडे शोधले. त्यांतील पहिले नाव जे. सी. कुमारप्पा यांचे. तंजावरकडील तमिळ ख्रिस्ती घराण्यात १८९२ साली जन्मलेले हे गृहस्थ लंडनला हिशेब-तपासनीस झाले आणि मुंबईत तोच व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेस जाऊन १९२८ साली त्यांनी सिराक्यूज विद्यापीठाची व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेतली. म्हणजे आजच्या भाषेत ते बिझनेस स्कूलचेच विद्यार्थी. तेथून ते कोलंबिया विद्यापीठात गेले. एका चर्चमध्ये भारताच्या दारिद्र्यावर त्यांचे भाषण झाले, त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली आणि ती प्राध्यापक सेलिग्मन यांच्या दृष्टीस पडली. सरकारी जमाखर्चाच्या अंगाने याच प्रश्नाचा अभ्यास करा, असे सेलिग्मन यांनी सुचविले. विषय असा मिळाला. विषय-निवडीसाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ही हकीकत मुद्दाम सांगतो, कारण कुमारप्पांनी विषय यादीतून उचलला नव्हता. लोकांपुढे जे पोटतिडकीने बोलले, तेच त्यांच्या अभ्यासाचे सूत्र झाले.

हा प्रबंध घेऊन कुमारप्पा १९२९ साली परतले आणि साबरमतीस गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो 'यंग इंडिया'त क्रमशः छापला. आणि लगेच दुसरे काम दिले, खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे. येथे खरी परीक्षा सुरू झाली. कोलंबियाच्या ग्रंथालयात छापील अंदाजपत्रके हाताशी होती. मातर तालुक्यातील शेतकऱ्याचे कर्ज कोणत्या पुस्तकात छापलेले असणार? ते त्याच्या तोंडूनच ऐकावे लागते, आणि कुमारप्पांना तर गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठाची धुरा तेव्हा आपल्या काका कालेलकरांकडे होती. तेथील विद्यार्थी कुमारप्पांबरोबर गावोगाव हिंडले. प्रश्न तज्ज्ञाचे होते, परंतु ते विचारणारे तोंड गावाच्या भाषेचे होते. १९३१ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. परदेशी पदवी घेतलेला माणूस आणि गावाची बोली जाणणारी मुले, या दोघांपैकी एकालाही ती एकट्याने करता आली नसती.

याच सेलिग्मनांचे दुसरे विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. मागाहून येणारे त्यांचे सामान, त्यात जमविलेली पुस्तके, बोटीवर पाणतीराचा हल्ला होऊन समुद्रात गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडनला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो फिरून लिहावयास सांगितला. पैसे संपलेले. मुंबईस येऊन त्यांनी दुरुस्त्या केल्या आणि १९२३ साली प्रबंध मान्य झाला. मार्गदर्शकाने एक प्रकरण परत केले म्हणून जेवण टाकणाऱ्या मुलांच्या कानी एवढी गोष्ट घालावी, अधिक भाष्य करू नये, असा माझा प्रघात आहे.

तिसरे नाव धनंजयराव गाडगीळांचे. त्यांचे शालेय शिक्षण नागपूरचे, म्हणून आम्हांला अंमळ जवळचे. त्यांनी केंब्रिजसाठी लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तक म्हणून वाचला गेला. परंतु मला त्यांचे एक लहान काम अधिक मोलाचे वाटते. पुण्याला १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि तिच्या आरंभीच्याच प्रकाशनांत, १९३३ साली, पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी आहे. औद्योगिक उत्क्रांतीसारख्या विशाल विषयावर नाव मिळविलेला विद्वान शहरातील फळबाजाराकडे वळला. आमची मुले नेमका उलटा प्रवास करतात. घरामागे संत्र्याची बाग आणि प्रकल्पाचा विषय 'जागतिकीकरणाचे भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम'!

आता आपल्या प्रांताकडे येतो. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हापासून कुमारप्पांचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली उद्योग-पाहणी समिती नेमली. १९३९ सालच्या तिच्या अहवालाला ६०६ गावांच्या पाहणीचा आधार होता. ही संख्या मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहीत असे. टंकलेखन यंत्रे मोजकी, रस्ते कच्चे, आणि तरीही ६०६ गावे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी नागपूर आणि छिंदवाडा एकाच सचिवालयाखाली होते. काटोलची बाग आणि पांढुर्ण्याची बाग यांची माहिती एकाच दप्तरात जमा होऊ शकत होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते दप्तर दुभंगले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूर राजधानी राहिली नाही, आणि आमचा छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या निर्णयाच्या न्यायान्यायात मी आज शिरत नाही. या व्यासपीठावरून त्याची चर्चा पूर्वी झालेली आहे आणि वादावादीही. वाणिज्याच्या विद्यार्थ्यापुरते त्याचे फलित सांगतो. माल पूर्वीसारखाच नागपूरकडे आणि दिल्लीकडे जात राहिला, बाजारात त्याला नागपुरी संत्रा म्हणूनच ओळखत राहिले, परंतु त्याचा सरकारी हिशेब भोपाळकडे जाऊ लागला. लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ साली नागपूरला झाले. महाविद्यालयांचा कारभार मात्र दीर्घकाळ सागर विद्यापीठाकडे; छिंदवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ व्हायला २०१९ साल उजाडले. पीक एका राज्यात, बाजार दुसऱ्या राज्यात आणि आकडे दोन्ही ठिकाणी अर्धे, अशा अवस्थेत विद्यार्थ्याने 'दुय्यम साधनसामग्री' नावाचे प्रकरण लिहायचे.

त्यात जिल्ह्याच्या सरासरीची अडचण. छिंदवाडा जिल्हा केवढा विस्तीर्ण! परासियाच्या कोळशाच्या खाणी, तामियाचे डोंगर, अमरवाड्याकडील गोंड वस्ती आणि खाली सौसर-पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या बागा, या सर्वांचे मिळून एकच सरासरी उत्पन्न छापलेले असे. त्या सरासरीत ना खाणकामगार दिसे, ना बागवाला. तालुकावार माहिती हवी असेल तर तहसीलीत खेपा घालाव्या लागत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले, ही आनंदाची घटना. मात्र यापुढील विद्यार्थ्याला निराळीच काळजी घ्यावी लागेल. २०२३ च्या आधीचे छिंदवाड्याचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून 'घट झाली' असा निष्कर्ष कोणी काढील, तर ती घट जमिनीवर झालेली नसून नकाशावर झालेली असेल.

भाषेविषयी थोडक्यात. आमच्या मुलाच्या घरी मराठी, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, कचेरीत हिंदी, अहवाल इंग्रजीत. बागवाला 'फळगळ' म्हणतो, 'कोळशी' म्हणतो, 'ताण दिला' म्हणतो, 'मृगबहार सोडला' म्हणतो. या प्रत्येक शब्दात पैशाचा निर्णय असतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, म्हणजे या वर्षी कोणता बहार धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे ठरविणे. इंग्रजीत उतरवताना मुलगा एवढेच लिहितो, की शेतकरी निसर्गावर अवलंबून आहे. विचारी माणसाचा निर्णय भाषांतरात नाहीसा होतो आणि उरतो एक असहाय शेतकरी, जो परीक्षकालाही परिचयाचा असतो.

येथपर्यंत मी इतरांच्या अडचणी सांगितल्या. आता स्वतःची सांगतो, आणि ती या शाळेत सांगताना मला संकोच वाटतो.

१९७४ साली एम. कॉम. च्या अखेरच्या वर्षी मी आपल्या भागातील संत्र्याच्या विक्रीव्यवस्थेवर लघुप्रबंध घेतला. इंग्रजीत प्रश्नावली छापून घेतली, कोरे पँट-शर्ट घालून स्टेशनाजवळच्या एका अडत्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "बाबू, हे कागद कुठं जाईन?"

"कॉलेजात, काका."

"अन् मंग तिथून?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. विक्रीकर, आयकर, बाजार समिती, भाऊबंदकीतला दावा, यांपैकी कोठेही तो कागद जाऊ शकतो, हे त्यांना माझ्याहून अधिक कळत होते. लाल बासनातली वही त्यांनी उघडली नाही, आणि आज मला वाटते की त्यांच्या जागी मीही उघडली नसती.

बागवाल्यांकडे गेलो. 'गतवर्षी निव्वळ नफा किती झाला?' हा माझा सातवा प्रश्न. एक वृद्ध हसून म्हणाले, "बाग हाये बाबू, दुकान नोहे." मी तो विनोद समजलो. वस्तुतः ते मला धंद्याचे मर्म सांगत होते. बाग झाडावरच विकली जाते. व्यापारी फिरून नजरेने अंदाज बांधतो, इसार देतो, उरलेली रक्कम हप्त्यांनी. मधे गारपीट झाली, फळ गळले, दिल्लीचा भाव पडला, की बोली फिरते. शेवटचा हप्ता कधी येतो, कधी पुढच्या बहारात जिरतो. घरच्यांची मजुरी कोणी मोजीत नाही, आणि झाड फळावर येईपर्यंतची वर्षे तर कोणत्याच खात्यात नसतात. 'गतवर्षीचा नफा' असा सुटा आकडा त्या माणसापाशी नव्हताच. तो मजपासून लपवीत होता हा माझा गैरसमज.

माझ्या हाती भरलेल्या प्रश्नावल्या आल्या तेवीस. मार्गदर्शकांनी किमान पन्नास सांगितल्या होत्या. टंकलेखकाने दिलेली तारीख आठ दिवसांवर होती, खोलीचे भाडे थकले होते, आणि घरून आणखी पैसे मागण्याची सोय नव्हती. दोन रात्रींत मी सत्तावीस प्रश्नावल्या स्वतः भरल्या. निरनिराळ्या शाईने भरल्या, मधे मधे काही रकाने कोरेही सोडले, म्हणजे खऱ्या वाटाव्यात. त्या पन्नास कागदांवरून एक आकडा निघाला. ग्राहकाच्या रुपयातील बागवाल्याचा वाटा. मला प्रथम वर्ग मिळाला. मौखिक परीक्षेत त्या तक्त्याचे कौतुक झाले. कोठून आणलास, असे कोणी विचारले नाही.

पुढे मी अध्यापक झालो, मुलांच्या अहवालांतील बनावट प्रश्नावल्या मला एका दृष्टिक्षेपात ओळखू येत. सहकारी माझ्या नजरेची तारीफ करीत. त्या नजरेचे मूळ मी कोणाला सांगितले नाही.

काही वर्षांपूर्वी सौसरकडील एक मुलगी माझ्याकडे आली. नागपूरला व्यवस्थापनाच्या शेवटच्या सत्रात होती. तिने जुन्या ग्रंथालयातून माझा लघुप्रबंध शोधून काढला होता. आनंदाने म्हणाली, "सर, तुमचाच आकडा पायाला धरलाय. तेव्हा आणि आता, अशी तुलना करते आहे." तिच्या वहीत तो आकडा होता, खाली माझे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक. संदर्भ बिनचूक दिलेला होता.

मी तिला सर्व सांगितले. सौभाग्यवती आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही ते त्या दिवशीच कळले. मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "मग तुलना कशाशी करू, सर?"

तुलनेला काही नव्हते. तो विषय तिने सोडला आणि आम्ही दोघे तिच्या काकांच्या बागेत गेलो. प्रश्नावली नेली नाही. तोडणी चालू होती. तिने दिवसभर मोजणीजवळ बसून नुसते ऐकले. पुढील तीन महिन्यांत तिने अकराच बागा घेतल्या, आणि प्रत्येक बागेचा एकच सौदा इसारापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत तारखांनिशी लिहिला. ओळखीच्या घरांपासून आरंभ केला. जेथे आकडा मिळाला नाही तेथे 'सांगितले नाही' असे स्वच्छ लिहिले. तक्त्यात तिने एक जादा रकाना घातला, की हा आकडा कोणी, केव्हा आणि कोणासमोर सांगितला. नमुना फार लहान आहे, असा आक्षेप मौखिक परीक्षेत आला. आक्षेप शास्त्राला धरून होता. तिला गुण बेताचेच मिळाले. आज ती नोकरी करते, आणि तिचा अहवाल माझ्या कपाटात आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी घरी यावे.

समोर बागवाले आणि व्यापारी मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. कोणी मूल वही घेऊन आपल्या ओसरीवर आले, तर कागद कुठे जाणार हे त्याला अवश्य विचारा. त्याने नीट उत्तर दिले तर एका सौद्याची, फक्त एकाच, हकीकत त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. नाव लिहू देऊ नका, परंतु तारखा लिहू द्या. पालकांनाही सांगतो की शेवटच्या सत्रात पोराला पैसे पाठवण्यास उशीर करू नका. सत्तावीस प्रश्नावल्यांमागे माझा भित्रेपणा होता हे मी नाकारीत नाही, पण थकलेले भाडेही होते.

त्या मुलीचा अहवाल सादर झाल्यावर मी माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो आणि माझा लघुप्रबंध मागितला. पुठ्ठ्याची कड वाळवीने खाल्लेली, तक्त्याचे पान मात्र शाबूत. खिशातून पेन्सिल काढली, तेव्हा ग्रंथपालांनी पुस्तकात लिहिण्यास मनाई असल्याचे नम्रपणे सांगितले. नियम बरोबरच होता. मी वेगळा कागद मागून घेतला, चार ओळी लिहिल्या, खाली सही व तारीख घातली, आणि त्यांच्या परवानगीने तो कागद तक्त्याच्या पानाला डकवला. पन्नासपैकी सत्तावीस प्रश्नावल्या कोठून आल्या, ते त्यावर लिहिलेले आहे.